ढगांच्या अश्रूचा मोजणीदार

१३ सप्टेंबर १९०१ ची दुपार. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे माउंट मार्सी. त्याच्या माथ्यावरून नुकतीच उतरलेली काही मंडळी खालच्या तळ्याकाठी शिदोरी सोडून बसली होती. त्यांत देशाचे उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होते. आठवड्यापूर्वी, ६ तारखेला, बफेलो शहरात अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आता काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर रूझवेल्ट कुटुंबासह डोंगरात आले होते. तेवढ्यात खालच्या झाडीतून एक वाटाड्या वर आला. त्याच्याजवळ तार होती. अध्यक्षांची प्रकृती ढासळली होती. रूझवेल्ट डोंगर उतरले, रात्रीच्या अंधारात घोडागाडीतून खाचखळग्यांची वाट तुडवत नॉर्थ क्रीकच्या रेल्वे स्टेशनवर पोचले. मॅकिन्ली गेल्याचं आणि देशाचा भार आपल्यावर आल्याचं त्यांना तिथे पहाटे कळलं.

अमेरिकेत ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ती वाचताना मी मात्र दर वेळी त्या तळ्यापाशीच अडकतो. जेमतेम दोन-तीन एकरांचं पाणी, भोवती बुटकी सूचिपर्णी झाडं आणि शेवाळ. पण ज्या नदीच्या मुखाशी न्यूयॉर्क शहर वसलं आहे, त्या हडसनचा सर्वांत उंचावरचा उगम म्हणजे हे तळं. त्याचं नाव ‘लेक टिअर ऑफ द क्लाउड्स’, ढगांचा अश्रू. रूझवेल्ट तिथे जेवायला बसले, त्याच्या २९ वर्षं आधी हे तळं कुठल्याही नकाशावर धड नव्हतं. हडसनचा उगम म्हणून ते ज्याने ओळखलं, मोजलं आणि ज्याने त्याला हे नाव दिलं, त्या माणसाचं सरकारी काम १९०० साली बंद पडलं. तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर रूझवेल्टच होते.

त्या माणसाचं नाव व्हर्प्लांक कॉल्विन.

आपल्याकडे नदीचा उगम म्हटला की आधी देऊळ आठवतं. गोदावरीचं त्र्यंबकेश्वर, कृष्णेचं महाबळेश्वर, भीमेचं भीमाशंकर. उगम माहीत नाही अशी मोठी नदी असू शकते, हे आपल्याला पटायला जड जातं. पण १८७२ साली परिस्थिती खरोखर तशी होती. न्यूयॉर्क शहराची वस्ती नऊ लाखांवर गेली होती. हडसनमधून वाफेची जहाजं वर्षानुवर्षं धावत होती, तिच्या पाण्याला ईरी कालवा जोडून जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. तरी ती नेमकी कुठे जन्म घेते, हे त्या राज्यात कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. कारण तिचा उगम अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये होता.

अ‍ॅडिरॉन्डॅक हा न्यूयॉर्क राज्याच्या ईशान्येचा डोंगराळ मुलूख. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे घ्यावेत आणि वर गोवा जोडावा, म्हणजे आज त्या नावाचं जे राखीव क्षेत्र आहे त्याचा विस्तार डोळ्यांपुढे येईल. त्यात लहानमोठी तीन हजारांवर तळी-सरोवरं आहेत. डोंगर हिमालयासारखे नाहीत. माउंट मार्सीची उंची ५,३४४ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी कमीच. कळसूबाई चढलेल्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही. पण या डोंगरांचा अवघडपणा उंचीत नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा सगळा प्रदेश खरवडून काढला आणि जाताना खळगे पाण्याने भरून ठेवले. दोन डोंगरांच्या मधे दलदल, दलदलीपलीकडे तळं, तळ्यापलीकडे वाऱ्याने उन्मळून एकमेकांवर पडलेल्या झाडांचा खच. माथ्याजवळ तर झाडं अंगाएवढीच, पण अशी गुंतलेली की त्यांतून वाट काढायला हात, गुडघे, कुऱ्हाड सगळं लागतं. शिखरावर पोचूनही झाडीमुळे पलीकडचं काही दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याला मोजता येत नाही.

म्हणून हा मुलूख मागे राहिला. लुइस आणि क्लार्क हे शोधप्रवासी खंड ओलांडून पॅसिफिकला जाऊन १८०६ मध्ये परतले होते. रॉकी पर्वतातल्या पाइक्स शिखरावर माणसं १८२० मध्ये चढली. मार्सीवरची पहिली नोंदलेली चढाई मात्र १८३७ च्या ऑगस्टमधली. भूगर्भशास्त्रज्ञ इबेनेझर एमन्स याच्या तुकडीने ती केली आणि त्यानेच पुढच्या वर्षी या डोंगरांना अ‍ॅडिरॉन्डॅक हे नाव दिलं. तोवर दक्षिणेकडचे कॅट्सकिल डोंगर हेच राज्यात सर्वांत उंच, असा लोकांचा समज होता.

‘पहिली नोंदलेली’ हा शब्द मी जाणून वापरला. मोहॉक आणि अबेनाकी लोक या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला येत होते. अ‍ॅडिरॉन्डॅक हे नावही मोहॉक भाषेतूनच आलेलं मानतात. एकोणिसाव्या शतकात लाँग लेकच्या काठी राहणारा मिचेल सबॅटिस हा अबेनाकी वाटाड्या दूरवर प्रसिद्ध होता. त्याच्यासारख्यांना तळ्यांची साखळी पाठ होती: कुठून नाव पाण्यात घालायची, कुठे ती खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. हे ज्ञान डोक्यात आणि पायांत होतं, कागदावर नव्हतं. आणि राज्याचा कारभार कागदावर चालतो.

कॉल्विन जन्मला १८४७ मध्ये, ऑल्बनी या राजधानीच्या शहरात. वडील वकील आणि राज्याच्या सिनेटचे सभासद. मुलगाही कायदा शिकला. पण सुट्टीत तो उत्तरेच्या डोंगरांत जाऊ लागला आणि कचेरीत त्याचं मन लागेना. १५ ऑक्टोबर १८७० रोजी तो अ‍ॅल्व्हा डनिंग या जुन्या शिकाऱ्याला बरोबर घेऊन माउंट सीवर्डच्या माथ्यावर पोचला. वय २३. या चढाईचा अहवाल त्याने लिहिला आणि शेवटी एक मागणी केली: हे सगळं रान राज्याने राखावं.

या मागणीमागचा त्याचा विचार आजही वाचण्याजोगा आहे. झाडं सुंदर आहेत म्हणून राखा, एवढ्यावर तो थांबला नाही. डोंगरावर कुजलेल्या पानांचा आणि शेवाळाचा जाड थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. सावलीत बर्फ हळूहळू वितळतं. झाडं तोडली की ऊन थेट जमिनीला लागतं, थर वाळून जातो किंवा वणव्यात जळतो, वसंतात सगळं पाणी एकदम पुरासारखं जातं आणि उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. मग हडसनला पाणी कुठून येणार? ईरी कालव्याला कुठून येणार? न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला रानाचं प्रेम असो वा नसो, कालवा आटला तर काय होईल ते त्याला कळत होतं. अमेरिकन विचारवंत जॉर्ज पर्किन्स मार्श याने जंगल आणि पाण्याचं हे नातं १८६४ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं होतं. कॉल्विनने ते आपल्या राज्याच्या डोंगरावर नेऊन बोटाने दाखवलं.

दाखवायची घाईही होती. रान अस्पर्शित राहिलं नव्हतं. कडेकडेने करवतीच्या गिरण्या होत्या, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा पाडला जात होता, कातडी कमावायला साल हवी म्हणून हेमलॉकची झाडं आडवी होत होती. त्यातच १८६९ मध्ये विल्यम मरे नावाच्या पाद्रीबुवांचं या डोंगरांत भटकण्यावरचं पुस्तक निघालं आणि शहरी सहलकऱ्यांची रीघ लागली.

१८७२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने अ‍ॅडिरॉन्डॅकच्या भूरचनेची मोजणी करायचं ठरवलं आणि २५ वर्षांच्या कॉल्विनला तिचा अधीक्षक नेमलं. मंजूर रक्कम १,००० डॉलर. एवढ्या मोठ्या मुलखासाठी ती काहीच नव्हती. कॉल्विनने लागतील तिथे पदरचे पैसे घातले आणि त्याच उन्हाळ्यात निघाला.

पहिल्या वर्षी उंची मोजायचं मुख्य साधन होतं पाऱ्याचा बॅरोमीटर. लांब काचेची नळी, तिच्यात पारा, भोवती लाकडी-चामडी आवरण. साधारण हजार फूट चढलं की पारा एक इंचभर खाली येतो, हे त्याचं साधं तत्त्व. पण हवामान बदललं तरी पारा हलतो. म्हणून खाली ठरलेल्या ठिकाणी दुसरा बॅरोमीटर ठेवून दोन्हींची नोंद एकाच वेळी करावी लागते आणि फरकावरून उंची काढावी लागते. ही नाजूक नळी पाठीला बांधून माणूस दाट झाडीतून सरपटत चढायचा. एक ठेच लागली, काच फुटली, तर त्या दिवसाचं काम संपलं.

१६ सप्टेंबर १८७२ ला कॉल्विन आणि नॉर्थ एल्बाचा वाटाड्या बिल नाय हे दोघे मार्सीशेजारच्या ग्रे पीकवर चढले. त्याआधी तिथे कुणी चढल्याची नोंद नाही. वरून त्यांना मार्सीच्या पायथ्याशी, पण खूप उंचावरच, लहानसं पाणी चमकताना दिसलं. ते तळं आहे हे वाटाड्यांना ठाऊक होतं. त्याचं पाणी पूर्वेला ऑसेबल नदीत जातं असा समज होता. दोघे खाली उतरले, काठाने फिरले आणि पाणी बाहेर कुठून पडतं ते शोधू लागले. पाणी पश्चिमेला निघालं होतं. तिकडून ते फेल्डस्पार ओढ्यात, तिथून ओपलेसंट नदीत आणि पुढे हडसनला मिळतं. नदीचा उगम असा एका दुपारी काठ चालून ठरला. कॉल्विनने आधी त्याला नुसतं शिखराजवळचं पाणी अशा अर्थाचं नाव दिलं होतं. मग अहवाल लिहिताना त्या एवढ्याशा तळ्याचं वर्णन करता करता त्याला ढगांचा अश्रू हे शब्द सुचले आणि तेच राहिले. सरकारी मोजणीच्या अहवालातून असं नाव जन्माला यावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण बॅरोमीटरवर कॉल्विनचं समाधान नव्हतं. त्याला डोंगरांची जागा पक्की करायची होती आणि त्यासाठी त्रिकोणांचं जाळं हवं होतं. पूर्वेकडच्या शँप्लेन सरोवराच्या बाजूने त्याने ते सुरू केलं. दोन ठिकाणांमधलं अंतर नेमकं मोजलं, की तिसऱ्या ठिकाणचे कोन थिओडोलाइटने घेऊन त्याचं स्थान गणिताने काढता येतं; मग त्या नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण. आपल्याकडे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेने अर्धशतकाहून अधिक काळ हेच केलं. अडचण दोन्हीकडे एकच होती. २०-३० मैलांवरच्या शिखरावर नेमका कुठला बिंदू पाहायचा? भारतात डोंगरावर माणूस बसवत आणि तो आरशाने सूर्याची तिरीप थिओडोलाइटकडे फेकत राही. कॉल्विनकडे इतकी माणसं नव्हती. ऑक्टोबरनंतर तर अशा शिखरांवर माणूस बसवून ठेवणं म्हणजे त्याला गारठ्याच्या तोंडी देणंच.

त्याने स्वतःच एक उपाय काढला आणि त्याला ‘स्टॅन-हेलिओ’ नाव दिलं. चकचकीत पत्र्यांची ही रचना शिखरावर उभारायची. वाऱ्याने पत्रे हलतात, दर क्षणी त्यांचा कल बदलतो आणि सूर्य कुठेही असला तरी अधूनमधून एक तिरीप मोजणाऱ्याच्या दिशेला जातेच. माणूस नको, राखण नको. डोंगराच्या माथ्यावर एक तारा लकाकून विझतो, पुन्हा लकाकतो, आणि तेवढ्या क्षणात दूरच्या शिखरावरचा माणूस दुर्बिणीची उभी तार त्यावर आणून कोन वाचतो.

त्यासाठी माथा मोकळा हवा. म्हणून कॉल्विनच्या माणसांनी कित्येक शिखरांवरची झाडं तोडली. रान वाचवा म्हणणारा माणूस शिखरं बोडकी करत होता, याची नोंद करणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता, आणि त्या वेळच्या साधनांनी तो होताही असं वाटत नाही. मोजून झालं की खडकात भोक पाडून तो धातूचा बोल्ट ठोकत असे. त्यावर मोजणीचं नाव, क्रमांक आणि साल. पुढच्या मोजणीदाराने इथूनच पुढे जावं, म्हणून.

या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट १८७५ ची. मार्सीची उंची कायमची ठरवायची, असं कॉल्विनने मनावर घेतलं. बॅरोमीटरने नाही, कोनाने नाही, तर लेव्हल लावून. रस्ता किंवा पाट काढताना जशी पातळी नेतात, तशी पायरीपायरीने शँप्लेन सरोवराच्या काठापासून थेट शिखरापर्यंत.

हे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. तिकाटण्यावर दुर्बीण. तिच्यावर काचेच्या नळीतला बुडबुडा. तो मध्यावर आला की दुर्बीण आडव्या रेषेत. मागे एक माणूस आकडे लिहिलेली उभी पट्टी धरून, पुढे दुसरा. मागची पट्टी वाचायची, पुढची वाचायची, वजाबाकी करायची. तेवढा चढ झाला. मग तिकाटणं उचलून पुढे न्यायचं आणि पुन्हा बुडबुडा मध्यावर. उभ्या चढावर एका खेपेत फार तर आठ-दहा फूट उंची हाती लागते. सरोवरापासून शिखरापर्यंतची उंची पाच हजार फुटांवर, म्हणजे उभ्या चढावर नुसत्या पाचशेच्या वर खेपा, आणि त्याआधीच्या मैलोन्‌मैल वाटेवरच्या खेपा वेगळ्या. झाडी आडवी आली की फांदी तोडायची, शेवाळावर तिकाटणं खचलं की पुन्हा रोवायचं, वाऱ्याने पट्टी हलली की वाट पाहायची. एका जागी आकडा चुकला, तर तिथून वरचं सगळंच चुकलं. हिवाळा जवळ येत होता. तशात त्यांनी ती रेषा माथ्यापर्यंत नेली आणि समुद्रसपाटीपासूनचा आकडा काढला: ५,३४४ फूट आणि थोडे इंच.

त्याआधीचे बॅरोमीटरचे अंदाज शंभराहून अधिक फुटांनी चुकलेले होते. आज उपग्रहांनी मोजूनही मार्सीची उंची ५,३४४ फुटांच्या आसपासच धरतात. दीडशे वर्षांपूर्वी रानातून काठी आणि बुडबुडा घेऊन गेलेल्या माणसांची चूक एका फुटाच्या आसपास निघावी, यापुढे मला तरी काही बोलायला सुचत नाही.

या कष्टांत कॉल्विनच्या बरोबरीने उभा होता मिल्स ब्लेक, त्याचा लहानपणापासूनचा मित्र आणि मोजणीतला उजवा हात. वाटाड्यांचं कॉल्विनशी नेहमीच पटलं असं नाही. हिवाळा तोंडावर आला तरी तो माणसांना रानाबाहेर सोडत नसे. शिधा संपे, कपडे भिजून गोठत, तरी ‘अजून एक शिखर’ संपत नसे. काही जण वैतागून काम सोडून गेले. त्याच्या अहवालांत याची वर्णनं आहेत, आणि ती कोरड्या सरकारी भाषेत नाहीत. वादळं, बर्फातले मुक्काम, ढगांच्या वर उगवणारी सकाळ हे सगळं त्याने रंगवून लिहिलं, आपल्या हाताने चित्रंही काढली. कायदेमंडळाच्या सभासदांनी ते वाचावं, हाच त्यामागचा हेतू होता. नुसत्या आकड्यांनी कुणाचं मन वळत नाही, हे त्या वकिलाच्या मुलाला ठाऊक होतं.

आता या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग येतो, आणि तो शिखरांवर नाही, जमिनीच्या हद्दींवर आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख मोठमोठ्या तुकड्यांत विकला गेला होता. १७७० च्या दशकातली टॉटन-क्रॉसफील्ड खरेदी एकटी दहा लाख एकरांवरची. त्या वेळी मोजणीदार रानातून सरळ रेषेत चालत गेले आणि झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने खुणा करत गेले. बस, हीच हद्द. शंभर वर्षांनी त्या खुणा सालीखाली बुजल्या, झाडं पडली, सडली. कुणाची जमीन कुठे संपते हे कुणाला सांगता येईना, आणि लाकूडतोड्या कंपन्यांना हेच सोयीचं होतं. आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध कोरणारा माणूस फार तर चार हात सरकतो. इथे मैलामैलाने सरकत होते. चांगली झाडं काढून घ्यायची आणि कर न भरता जमीन सोडून द्यायची, हीही रीत होती. अशा टाकलेल्या जमिनी कराच्या थकबाकीपोटी राज्याकडे येत. राज्याला आपली जमीन कुठे आहे हेच माहीत नसे आणि तिच्यावर कुऱ्हाड चालूच राही.

कॉल्विनने या जुन्या रेषा शोधायला घेतल्या. एखादं म्हातारं झाड निवडायचं, खूण असेल असा संशय येईल तिथे साल आणि लाकूड अलगद काढायचं. आत, कित्येक इंच लाकडाखाली, शंभर वर्षांपूर्वीचा कुऱ्हाडीचा घाव जसाच्या तसा सापडतो. मग त्या घावापासून बाहेरच्या सालीपर्यंतची वाढीची वर्तुळं मोजायची. दर वर्षाला एक. १८७० च्या दशकात वर्तुळं शंभराच्या आसपास भरली, तर हा १७७० च्या दशकातल्या मोजणीदाराचाच हात. वीसच भरली तर नंतर कुणीतरी केलेली खूण, कदाचित लबाडीची. सातबाऱ्याचा उतारा झाडाच्या पोटातच जपून ठेवलेला. १८८३ पासून राज्याच्या मालकीच्या या विखुरलेल्या जमिनी मोजून निश्चित करण्याचं कामही त्याच्याकडेच आलं.

डोंगरांची उंची हा अभिमानाचा विषय होता, पण रान वाचलं ते या हद्दींच्या मोजणीमुळे, असं माझं ठाम मत आहे. ‘हे जंगल राखा’ असं म्हणायला आधी ‘हे’ म्हणजे कोणतं ते न्यायालयात दाखवता यावं लागतं. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने वनराखीव कायदा केला. सुमारे सात लाख एकर सरकारी जमीन त्यात गेली. १८९२ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅक पार्क घोषित झालं. १८९४ मध्ये राज्याच्या घटनेतच कलम घातलं गेलं, की या राखीव जमिनी कायम रानच राहतील; त्या विकता येणार नाहीत, त्यांवरचं लाकूड तोडता येणार नाही. कायद्यात बदल विधिमंडळ करू शकतं, घटनेला हात लावायचा तर मतदारांकडे जावं लागतं. म्हणून ते कलम आजही उभं आहे. हे श्रेय एकट्या कॉल्विनचं नाही. पाण्याची काळजी वाटणारे व्यापारी होते, वनतज्ज्ञ होते, सेनेका रे स्टॉडर्डसारखा छायाचित्रकार होता, जो तोडलेल्या आणि बुडवलेल्या जंगलांच्या काचचित्रांचे खेळ सभासदांना दाखवायचा. पण ज्या जमिनीबद्दल हे सगळे बोलत होते, ती कागदावर आणली कॉल्विनने.

आणि तरीही त्याचा मोठा नकाशा पुरा झाला नाही.

दर वर्षी अहवाल निघाला की पैशाचा प्रश्न यायचा. सभासद विचारायचे, नकाशा कुठे आहे? कॉल्विन उत्तर द्यायचा, अजून मोजायचं बाकी आहे. एक रेषा पक्की केल्याशिवाय दुसरी छापायला त्याचं मन धजत नसे. दरम्यान सहलकऱ्यांच्या खिशात स्टॉडर्डचा नकाशा होता, जो इतका काटेकोर नव्हता पण विकत मिळत होता. १८९० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याने आपले समोच्च रेषांचे नकाशे काढायला सुरुवात केली आणि राज्याने स्वतंत्र मोजणी कशाला ठेवायची, हा प्रश्न उभा राहिला. २८ वर्षांच्या कामानंतर १९०० मध्ये ती बंद झाली. मला कॉल्विनबद्दल कितीही आपुलकी असली, तरी यात त्याचाही दोष आहे. अर्धवट नकाशा छापून पुढच्या आवृत्तीत सुधारला असता, तर त्याचं काम त्याच्या हयातीत लोकांच्या हाती पडलं असतं. पण जो माणूस पाचशे खेपा करून एका शिखराची उंची काढतो, तो ‘साधारण बरोबर’ छापायला तयार होत नाही. ज्या स्वभावाने त्याने काम केलं, त्याच स्वभावाने ते अडलं.

पुढची वीस वर्षं त्याने ऑल्बनीत काढली. लग्न केलं नव्हतं. ब्लेकची सोबत शेवटपर्यंत होती. मे १९२० मध्ये तो वारला. त्याने ठोकलेले बोल्ट त्या शिखरांवर आजही सापडतात, आणि डोंगरात फिरणारी मंडळी झुडपं बाजूला करून त्यांचे क्रमांक वाचतात.

अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये चार हजार फुटांवरची म्हणून ४६ शिखरं मोजतात आणि ती सगळी चढणं हा तिथल्या गिर्यारोहकांचा ध्यास असतो. त्यांत एकाचं नाव माउंट कॉल्विन आहे. उंची ४,०५७ फूट. नंतरच्या नेमक्या मोजणीत या यादीतली चार शिखरं चार हजारांच्या खाली भरली. त्यांतल्या एकाला हडसनच्या उगमापाशी कॉल्विनबरोबर असलेल्या बिल नायचं नाव आहे. दुसऱ्याला मिल्स ब्लेकचं; त्याची उंची ३,९६० फूट. ती चारही अजून यादीत आहेत. ब्लेक शिखर कॉल्विनच्या अगदी शेजारी आहे, आणि तिकडे जायची नेहमीची पायवाट कॉल्विनच्या माथ्यावरून जाते.